ओव्हाळ मॅडम आणि व्यालेला बोकड

‘मला हे येत नाही’ हे वाक्य ओव्हाळ मॅडम ज्या आवाजात म्हणायच्या, त्या आवाजात आमच्या भूम तालुक्यात लोक वरातीसमोरचा बँड थांबवतात. मी बरेच मुख्याध्यापक पाहिले. प्रत्येकाला सगळं येत होतं. एकाला तर एवढं येत होतं की त्यांना पाच वर्षांत खुर्चीतून उठायची वेळच आली नाही. बदलीच्या दिवशी खुर्चीसकट जीपमध्ये ठेवावं लागलं. येत नाही म्हणून सांगणारी, आणि तेही वर मान करून सांगणारी, ही पहिलीच बाई.

मी थोडं वाढवून सांगतो, हे आधीच कबूल करतो. आमची बायको म्हणते, ह्यांच्या बोलण्यातलं निम्मं सोडून द्यावं आणि उरलेल्याला दोनानं भागावं. पण मॅडमच्या बाबतीत भागाकाराची गरज नाही. त्या होत्याच तशा. अंगानं बारीक, उंची पाचवीच्या पोरीएवढी, चष्मा दोऱ्यानं गळ्यात अडकवलेला, हातात बारा महिने छत्री. पावसासाठी नव्हे, आमच्याकडं पाऊस कुठला. छत्री शेळ्यांसाठी. कारण आमच्या वाडीत माणसापेक्षा शेळ्या जास्त, आणि त्या शेळ्यांना शाळेतल्या हजेरीपत्रकाची चव फार आवडते.

वाडी भूमपासून तासाभरावर, उघड्या माळावर. एसटी दिवसातून दोनदा : एकदा येते आणि एकदा येत नाही. शाळा जिल्हा परिषदेची, सातवीपर्यंत. त्या शाळेत मी, जाधव सर, कॉम्प्युटरवाला. कळंबला तीन महिन्यांचा कोर्स केलेला, तेवढ्या भांडवलावर मी अख्ख्या वाडीवर राज्य करत होतो. कुणाचा ऑनलाइन अर्ज असो, दाखला असो, सगळे माझ्या दारात. मी बटण दाबलं की तिकडं तहसीलमधला साहेब खुर्चीत दचकतो, अशी माझी ख्याती होती. ती मीच पसरवली होती.

शाळेत पाच संगणक होते. कुणीतरी दिलेले. ते एका खोलीत, खोलीला कुलूप, किल्ली मुख्याध्यापकांच्या कडदोऱ्याला. वर्षातून एकदा दसऱ्याला दार उघडायचं, हळदकुंकू वाहायचं, झेंडूचा हार घालायचा, नारळ फोडायचा, पुन्हा कुलूप. एका कीबोर्डवर एवढं कुंकू साठलं होतं की तो नुसता ठेवला असता तरी देवस्थान झालं असतं.

ओव्हाळ मॅडम रुजू झाल्या त्या दिवशी त्यांनी आधी किल्ली मागितली. दार उघडलं, हार काढले, फडक्यानं धूळ पुसली आणि सहावी-सातवीची सगळी पोरं आत बोलावली. मग स्टुलावर बसून त्या आवाजात म्हणाल्या, “मला हे येत नाही. ज्याला येतं त्यानं पुढं यावं आणि मला शिकवावं.”

पोरांनी माझ्याकडं बघितलं. मी पुढं झालो. राजाच पुढं होणार. माउस हातात घेतला आणि दाखवलं : हे असं, मग इथं, मग असं, झालं. मॅडमनी मान हलवली. मी पुन्हा दाखवलं. त्यांनी पुन्हा मान हलवली. तिसऱ्यांदा दाखवल्यावर त्या म्हणाल्या, “सर, तुमचा हात लई छान चालतो. माझा कधी चालायचा?”

“आता तुम्ही करा ना मॅडम.”

“मग तुमचे हात मागं बांधा.”

मला वाटलं चेष्टा करतायत. नव्हत्या करत. चाळीस पोरांसमोर मी हात मागं बांधून उभा राहिलो, गृहपाठ न केलेल्या पोरासारखा, आणि आयुष्यात पहिल्यांदा नुसतं तोंडानं शिकवलं. एक फोल्डर उघडायला अर्धा तास लागला. मला डावं-उजवं सांगता येईना, घामानं सदरा पाठीला चिकटला. फोल्डर उघडलं तेव्हा पोरांनी अशा टाळ्या वाजवल्या की बाहेर झाडाखाली बसलेल्या शेळ्या उठून पळाल्या.

तो शाळेचा नियम झाला. शिकवणाऱ्याचे हात मागं. आणि दुसरा नियम, शिकलेलं सूर्य मावळायच्या आत दुसऱ्या कुणाला तरी शिकवायचं. त्याला मॅडम ‘उतरवणं’ म्हणायच्या, डोक्यावरचा भारा उतरवावा तसं. पोरगं नाचत सांगायला आलं की मॅडम, मला फोटो टाकता येतो, तर त्या विचारायच्या, “कुणाकडं उतरवलास?” नसेल उतरवलं तर त्यांच्या लेखी ते अजून आलेलंच नाही. “एकालाच येतं ते शाळेला येत नाही,” असं त्यांचं म्हणणं. हे म्हणताना त्यांची नजर माझ्याकडं असायची की नाही, हे मी कधी तपासलं नाही.

त्यांना स्वतःला शिकवलं ते काजलनं. सहावीतली पोरगी, बिभीषणची, शेळ्यांमागं वाढलेली. बोलायची कमी, पण तिची बोटं कीबोर्डवर अशी पळायची की माझी नजर मागं राहायची. मधल्या सुट्टीत मॅडम खाली सतरंजीवर बसून शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी खायच्या आणि काजल हात मागं बांधून त्यांच्याभोवती फिरत सांगायची.

“मॅडम, ते न्हाय, त्याच्या खालचं.”

“अगं सावकाश. म्या म्हातारी बाई.”

“म्हातारी न्हाय, तुमी घाई करताव.”

मुख्याध्यापकाला असं बोलल्यावर आमच्या काळात पोरगं पाटीसकट बाहेर गेलं असतं. मॅडम डोळे मिटायच्या, चूक कुठं झाली ते आठवायच्या आणि म्हणायच्या, “व्हय. घाई केली.”

सहा महिन्यांत पोरांनी आयांना शिकवलं, आयांनी जावांना. माझ्या दारातली गर्दी ओसरली. एकदा तर आमच्याच घरात बायकोनं माझ्याआधी गॅसचा नंबर लावला. मी वरवर हसायचो. आतून मात्र गादी गेलेल्या राजाचं जे होतं ते माझं होत होतं. हे इथंच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्यातून झालं.

शेळ्यांचे दाखले सुरू झाले ते ठकूबाईमुळं. ठकूबाई म्हणजे वाडीतली सगळ्यात जुनी शेळीवाली. जन्म सगळा माळावर गेलेला. तिनं एकदा भूमच्या बाजारात चांगली शेळी नेली, दर वेताला जुळी देणारी. व्यापारी म्हणाला, कशावरून? ठकूबाई म्हणाली, म्या सांगते की. व्यापारी हसला आणि शेळी खाटकाच्या दरानं मागितली. मॅडम तिथं भाजी घ्यायला आलेल्या. त्यांनी हे ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी परिपाठाला पोरांना विचारलं, “ठकूबाईंचा शब्द बाजारात चालत नाही. शाळेचा चालंल का?”

पोरं घरोघर हिंडली. प्रत्येक शेळीच्या कानात नंबराचा बिल्ला, आणि शाळेच्या नेटवरच्या शीटमध्ये तिची एक ओळ : आई कोण, बाप कोण, जन्म कधीचा, किती वेतं झाली आणि त्यांत जुळी किती, लस कधी दिली. शेळी विकायची झाली की फोटोसकट तिचा छापील दाखला निघायचा. शिक्का मारू का म्हणून मी विचारलं, तर मॅडम म्हणाल्या, “शिक्का सरकारचा. आपण सही करायची.” खाली नोंद करणाऱ्या पोरांची सही, आणि त्याखाली त्यांची. शीटमध्ये प्रत्येकानं आपापल्या नावानंच शिरायचं, हाही त्यांचा हट्ट.

दाखल्याची शेळी बाजारात ताठ मानेनं उभी राहायला लागली. कळंबहून, ढोकीहून गिऱ्हाईक वाडीत यायला लागलं. आमच्या शेळ्यांना एवढा गर्व चढला की त्या साध्या बाभळीचा पाला खाईनात, असं मी पाहुण्यांना सांगायचो.

आणि मग बोकड व्याला.

सोमवारी सकाळी ऑफिसात फोन आला. कळंबकडचे मारुतीअण्णा, आठवड्यापूर्वी एक पैदाशीचा बोकड आणि चार पाठी, म्हणजे अजून न व्यालेल्या तरण्या शेळ्या, घेऊन गेलेले. मॅडमनी फोन सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला.

“मॅडम, अभिनंदन. तुमचा बोकड व्यालाय.”

“कधी?”

“दोनदा. दोन्ही वेळा जुळी. दाखल्यावर तुमची सही हाय.”

आम्ही मास्तर मंडळी टेबलं बडवून हसलो. मॅडमपण हसल्या. मग एकदम त्यांनी डोळे मिटले. “अण्णा, त्या बोकडाची आई कोण लिवलीय?”

“एकोणीस नंबर.”

“आणि पाठींची?”

“चौघींची तेरा.”

मॅडमनी ठकूबाईला बोलावणं धाडलं. ठकूबाई दारातूनच म्हणाली, “त्यो कानावर पांढरा ठिपका असल्याला? त्यो तेराचाच की, त्या चारी पाठींसारखा. माझ्या डोळ्यांदेखत झालाय.” म्हणजे अण्णांनी पैदाशीला नेलेला बोकड त्या चारी पाठींचा भाऊ निघाला. पिढी बिघडली असती. मॅडमनी परत फोन लावला, “अण्णा, बोकड लांब बांधा. मी बेस्तरवारी येते.” मग त्यांनी शीट उघडली. आईचा रकाना आणि वेताचा रकाना वरखाली सरकले होते, बाकीची शीट जागच्या जागी. वाडीतली अर्धी शेळरं दुसऱ्याच आईच्या पोटची झाली होती.

त्या पंधरवड्यात दाखले छापायची पाळी काजलची होती. सही तिची. एवढं लोकांना पुरलं.

चार वाजता मैदानात सभा भरली. शाळा समितीचे अध्यक्ष तात्या म्हणाले, “मॅडम, लेकरांच्या हातात एवढी जोखीम देऊ नये, हे मी पहिल्यापास्नं सांगत होतो. खोलीला पुन्हा कुलूप लावा.” कुणी म्हणालं, आता बाजारात आपल्या शेळीला कोण विचारतंय. मग बिभीषण उभा राहिला. भला माणूस, सभेत कधी न बोललेला.

“माझ्या पोरीच्या हातनं झालंय,” तो म्हणाला. “माफी करा. उद्यापास्नं ती शाळंत न्हाय, शेळ्यामागं जाईल.”

“बिभीषणराव, बसा,” मॅडम म्हणाल्या. “शाळेची मुख्याध्यापक मी आहे. चूक माझी आहे.”

“तुमाला तर ते येतच न्हाय म्हणताव,” तात्या म्हणाले, आणि लोक हसले.

“येत नाही म्हणूनच जास्त बघायला पाहिजे होतं. बुधवारी सगळ्यांनी आपापली शेळरं मैदानात आणा. नोंद पहिल्यापासून करू. काजल शाळेत येईल.”

“न्हाय येणार,” बिभीषण म्हणाला आणि पोरीचा हात धरून निघाला. काजल खाली बघत चालली होती. त्या वेळी मी काय करत होतो, तर खुर्च्या लावत होतो. सभा संपत आली होती आणि मी खुर्च्या लावत होतो.

कारण मला माहीत होतं.

आता जे सांगतो त्यात एक अक्षर वाढवलेलं नाही. दोन आठवड्यांपूर्वी एका शुक्रवारी मधल्या सुट्टीत पोरं खिचडी खायला गेली होती. खोलीत मी एकटा. समोर पोरांची शीट मी माझ्या नावानं उघडलेली, नंबर उलटसुलट, जशी शेळी आली तशी तिची ओळ. मला वाटलं, शेवटी मास्तर तो मास्तर. हे जरा शिस्तीत लावून दाखवावं, म्हणजे कळेल कॉम्प्युटर कुणाला येतो. दोन रकाने धरले, क्रमानं लाव म्हणून बटण दाबलं. यंत्रानं इंग्रजीत काहीतरी विचारलं. मी न वाचता होकार दिला. दोन्ही रकाने शिपायांसारखे ओळीत उभे राहिले. मी खूश होऊन चहाला गेलो. बाकीचे रकाने जागेवरून हललेच नाहीत, हे मला दिसलंच नाही. सोमवारी मॅडमनी शीट उघडली त्या क्षणी दिसलं.

मंगळवारी काजल आली नाही. बुधवारी शेळ्या आल्या. मैदान काळंभोर झालं. धुरळा एवढा की शेजारच्या गावाला वाटलं वाडीला आग लागली. मॅडमनी मधोमध खुर्ची ठेवली आणि ठकूबाईला म्हणाल्या, “बसा. आज मास्तर तुम्ही.”

“म्या? मला कुठलं येतंय गं बाई. म्या शाळंचं तोंड बघितलं न्हाय.”

“तुम्हाला येतं. तुम्ही कुणाकडं उतरवलेलं न्हाय, एवढंच. हात मागं बांधा. तुम्ही शेळीला हात लावायचा न्हाय, पोरांना सांगायचं.”

ठकूबाईनं हात मागं बांधले. म्हातारी जरा लाजली. मग एक पाठ समोरून गेली आणि तिच्यातला मास्तर जागा झाला. “हिचं मागलं पाऊल बघ, आत पडतं. ही तेराची. तेराच्या सगळ्या अशाच चालत्यात. आणि त्यो कान बघ, टोकाला वळलाय. त्यो सहा नंबरच्या बोकडाचा.” सातवीतली पोरं वाकून शेळ्यांची पावलं बघायला लागली. एक सांगायचा, दुसरा ओळखायचा, तिसरा लिहायचा. दुपारपर्यंत पोरंच सांगायला लागली आणि ठकूबाई नुसती “व्हय” किंवा “गाढवा, नीट बघ” एवढंच म्हणायला लागली. तात्यासुद्धा एका बोकडाच्या कानाशी चष्मा लावून उभे होते.

बिभीषण आपली शेळरं घेऊन आला होता. मॅडमनी विचारलं, “काजल?” तो म्हणाला, “माळावर.” मॅडमनी मान हलवली. वळताना त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं एकदा बघितलं. मी लगेच एका शेळीचं पाऊल बघायला लागलो.

गुरुवारी त्या मला बरोबर घेऊन कळंबला निघाल्या. अण्णांच्या अंगणात त्यांनी चहाच्या आधीच सांगून टाकलं : आमची नोंद चुकली, हा बोकड ह्या पाठींचा भाऊ आहे, बदलून दुसरा देतो, हा सुधारलेला दाखला. अण्णांनी दाखला दोनदा वाचला. “चूक सांगायला एसटीनं आलेलं शाळेचं माणूस म्या पहिल्यांदा बघतोय,” ते म्हणाले. “पण केलं कुणी हे?”

“शाळेनं.”

“तसं न्हाय, हात कुणाचा?”

“शाळेचाच,” मॅडम म्हणाल्या आणि चहा मागितला.

परतीच्या एसटीत मी खिडकीशी आणि मॅडम बाजूला. माझ्याजवळ एक गोष्ट तयार होती. तीन दिवस घोटून घोटून केलेली. तिच्यात वीज कमीजास्त झाली होती, व्हायरस होता, एक उंदीर होता, नेटवाल्यांचा टॉवर होता. सगळं होतं, फक्त मी नव्हतो. गोष्ट एवढी सुरेख जमली होती की न सांगणं जिवावर आलं होतं. मी तोंड उघडलं आणि निघालं ते भलतंच.

“मॅडम, ते रकाने मी हलवले.”

“शुक्रवारी,” मॅडम म्हणाल्या. “एक वाजून वीस मिनिटांनी.”

एसटी खड्ड्यात आदळली.

“शीटमध्ये दिसतं सर. कोण कधी शिरला, काय बदललं. मला कुठं म्हाईत होतं. सोमवारी सभेच्या आधी काजलनं दाखवलं.”

“काजलला माहितेय?”

“तिनंच आधी बघितलं. मी म्हणाले, सभेत सांगून टाकते. तर म्हणाली, नका मॅडम, सर सांगतील की.”

माझी तयार गोष्ट, उंदरासकट, मी खिडकीबाहेर सोडून दिली.

मॅडम समोरच्या सीटच्या दांडीला धरून बसल्या होत्या. “जुनी शीट परत आणता आली असती म्हणं. एक बटण हाय. पण बटण दाबून शीट आली असती, लोकांचा विश्वास आला नसता. म्हणून शेळरं आणवली. ते बरोबर झालं. दुसरं बरोबर झालं का, मला सांगता येईना.”

“कोणतं?”

“तुमची वाट बघितली ते. काजल म्हणाली सर सांगतील, मला वाटलं, बघू. तीन दिवस लेकरू माळावर हाय आणि मी एका मोठ्या माणसाची वाट बघायलेय. उद्या सकाळी मी सांगणारच होते. पण तीन दिवस थांबले ते तुमच्यासाठी, का हात मागं बांधायचा माझा नियम राहावा म्हणून?” त्यांनी डोळे मिटले. नेहमी मिटायच्या तसे, पण उघडायला वेळ लागला. मग त्या अगदी हळू म्हणाल्या, “मला हे येत नाही, सर.”

त्यांचा तो आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता, नंतरही नाही.

वाडीच्या फाट्यावर उतरलो तेव्हा दिवस अजून होता. “मी बिभीषणकडं जातो,” मी म्हणालो. “तुम्ही येता?”

“नाही. मी आले तर तुमचं बोलणं माझं होईल.” आणि छत्री टेकत शाळेच्या वाटेला लागल्या.

बिभीषण शेळ्यांना पाणी पाजत होता, काजल करडं मोजून आत सोडत होती. मी उभ्या उभ्या सांगितलं. चार वाक्यं झाली असतील. बिभीषण बादली खाली ठेवून ऐकत होता. शेवटी म्हणाला, “मास्तर, माझ्या लेकराची मान चार माणसांत खाली गेली. तुमी चार माणसांत बोला.”

“बोलतो.”

“मग उद्या येईल ती.”

शुक्रवारी परिपाठाला, पोरं, समिती, ठकूबाई, आणि भिंतीवरून बघणाऱ्या शेळ्या, सगळ्यांसमोर मी सांगितलं. मॅडमनी मला पुढं केलं नाही, मागंही ओढलं नाही. पोरांच्या ओळीत शेवटी उभ्या होत्या. बोलणं संपलं. तात्या खाकरले आणि म्हणाले, “मग कुलपाचा इषय मिटला म्हणायचा.” बिभीषणनं पोरीच्या पाठीवर हात ठेवला आणि तिला वर्गाकडं ढकललं.

दुपारी काजल माझ्याजवळ आली. मला वाटलं, झाल्या गोष्टीबद्दल काहीतरी बोलेल. ती म्हणाली, “सर, बसा. ते विचारतं ना इंग्रजीत, बाकीचे रकाने पण संगं घेऊ का म्हणून, तवा काय म्हणायचं ते दाखवते.” मी बसलो. तिनं हात मागं बांधले. तीन वेळा चुकलो, तिनं तीन वेळा न रागावता सांगितलं. चौथ्यांदा जमलं.

“जमलं सर. आता कुणाकडं उतरवताव?”

मी चौथीच्या वर्गात जाऊन उतरवलं. हात मागं बांधून. आता त्या शीटला क्रम लावायचा म्हटलं की वाडीतलं नऊ वर्षांचं पोरगंसुद्धा आधी सगळे रकाने धरतं. माझ्या चुकीनं शाळेला शिकवलेली ती एकमेव गोष्ट, आणि बावीस वर्षांच्या नोकरीत मी शिकवलेल्यांपैकी सगळ्यात पक्की.

मॅडमनी पुढं दोन वर्षं काढली आणि त्यांची ढोकीकडं बदली झाली. काजल तोवर भूमच्या हायस्कूलला गेली होती. शेवटच्या दिवशी सत्कार ठेवला होता, मॅडम शाल घेऊन पाच मिनिटांत मोकळ्या झाल्या आणि संगणकाच्या खोलीत गेल्या. शीट त्यांच्या नावावर होती. ती दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर करायची होती. आम्हाला वाटलं, सातवीतल्या एखाद्या हुशार पोराला देतील, नाहीतर नव्या मुख्याध्यापकांसाठी ठेवतील. त्यांनी चष्मा लावला, सावकाश एकेक बटण शोधत माझं नाव टाकलं.

“मॅडम, माझ्याकडं?” मी म्हणालो. “ज्यानं मोडली त्याच्याकडं?”

“तुमच्याइतकं जपून ह्याला कोण हात लावणार आहे,” त्या म्हणाल्या. कुठं टोमणा असेल म्हणून मी त्यांच्या चेहऱ्यावर बघितलं. नव्हता.

मैदानात जीप उभी होती. पोरं दोन्ही बाजूंना. मॅडम चालत निघाल्या, तर ठकूबाईची एक काळी शेळी गर्दीत घुसली आणि तिनं शालीचं टोक तोंडात धरलं. मॅडमनी शाल सोडवली, शेळीचा कान धरला, बिल्ला वाचला, तिच्या पोटाकडं, डोळ्यांकडं बघितलं. मग तिथूनच, वरात थांबेल अशा आवाजात ओरडल्या, “जाधव सर, बत्तीस नंबरची लस राहिल्यासारखी दिसती. बघा जरा.” आणि जीपमध्ये बसल्या. जीप धुरळा उडवत फाट्याकडं गेली. धुरळ्यातून बराच वेळ छत्रीचं टोक दिसत होतं.

मी आत जाऊन शीट उघडली. बत्तीस नंबर. लस दिल्याची तारीख स्पष्ट लिहिलेली होती, पोराच्या नावासकट. पूर्वीचा मी असतो तर छाती काढून म्हणालो असतो, दिलीय, हे बघा.

मी चपला घातल्या आणि ठकूबाईला विचारायला निघालो.